पहिली गिअरची गाडी घेताना: सांगलीकडच्या पोरापोरींचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तासगाव रस्त्याला माझं दुचाकीचं गॅरेज आहे. बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांच्या आत पालकांबरोबर पोरं यायला लागतात. कॉलेज लांब, एसटीची वेळ जुळत नाही, बजेट थोडं, आणि प्रश्न तेच. गर्दीत उभ्याउभ्या दिलेलं उत्तर घरी पोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. म्हणून सगळं इथे सविस्तर लिहिलं आहे.

मी १६ वर्षांचा आहे. गिअरची गाडी चालवता येईल का?

नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची, विनागिअरची गाडी चालवता येते. लूनाच्या काळात त्या सवलतीला अर्थ होता, आज तशी पेट्रोलची नवी गाडी शोरूममध्ये मिळत नाही. टीव्हीएसची एक्सएल १०० सुद्धा नावाप्रमाणे जवळजवळ १०० सीसीची आहे, त्यामुळे तीही या सवलतीत बसत नाही. गिअरच्या गाडीला १८ पूर्ण पाहिजेत. तोवर सायकल चालव. ज्याला सायकलवर एक हात सोडून मागे वळून बघता येतं, तो गाडी दुप्पट लवकर शिकतो, हे मी कितीदा पाहिलं आहे.

आम्ही गावातल्या गावात, मळ्यापर्यंतच देतो त्याला गाडी. तेवढं चालतं ना?

मळ्याचा रस्ता गावकऱ्यांच्या रहदारीचा असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो सार्वजनिकच. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. कॉलेज, नोकरी याच वयात असतं, आणि मग पोराने ते सगळं बसने करायचं. आणि अपघातात दुसऱ्याला लागलं तर विमा कंपनी त्याची भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. एकराच्या भावात जाणारी गोष्ट आहे ही. दादा, बाबा, काका, जे कोणी वाचत असाल त्यांना हात जोडून सांगतो, किल्ली खिळ्याला अडकवून ठेवू नका.

लायसन्सचं कसं करायचं?

आधी लर्निंग. सारथी पोर्टलवर आधार वापरून ते घरी बसूनही काढता येतं. अर्ज भरताना ‘गिअरसहित मोटारसायकल’ हाच प्रकार निवडा. चुकून विनागिअरचा निवडला तर पुन्हा सगळं करावं लागतं. लर्निंग सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. त्या काळात गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा. शिकवणाऱ्याशिवाय कोणालाही मागे बसवायचं नाही, मित्राला तर नाहीच.

चाचणीत इंग्रजी आठच्या आकड्यावर गाडी फिरवावी लागते. पाय टेकायचा नाही. पहिला गिअर, हाफ क्लच (म्हणजे क्लच अर्धवट सोडलेला), मागचा ब्रेक किंचित दाबलेला, आणि नजर चाकाकडे न ठेवता जिथे जायचं आहे तिथे. नजर खाली गेली की पाय खाली येतोच.

बजेट थोडं आहे. कोणती गाडी घेऊ?

१०० ते ११० सीसीची, साधी, रोजच्या जाण्यायेण्याची गाडी. हिरोची स्प्लेंडर प्लस आणि एचएफ डिलक्स, होंडाची शाईन १००, बजाजची प्लॅटिना, टीव्हीएसची स्पोर्ट. या पाचांतली कोणतीही घेतली तरी शिकणाऱ्याचं नुकसान नाही. स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे. तिचा क्लच वायर, ब्रेक लायनर, चेनसेट (चेन आणि तिची दातेरी चाकं) आटपाडीपासून शिराळ्यापर्यंत कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतो, आणि कुठल्याही मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला आहे. शाईन १०० मार्च २०२३ मध्ये आली, वजनाला सगळ्यांत हलक्यांपैकी, ९९ किलो. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास.

मी वजनावर एवढा का अडून बसतो? शिकताना गाडी पडते. वेगात पडत नाही, उभी असताना पडते. वळवून लावताना, स्टँड नीट न लागल्याने, स्पीडब्रेकरवर बंद पडल्याने. अशा वेळी ती धरून ठेवता आली, किंवा पडलीच तर एकट्याने उचलता आली, तर पोराचा धीर टिकतो. म्हणून माझ्याकडे कोणी गाडी दाखवायला आणली की मी आधी इंजिन बघत नाही. पोराला सांगतो, मेन स्टँडवरून गाडी काढ, दहा पावलं ढकल, वळवून परत आण आणि स्टँडवर चढव. हे घाम न येता जमलं तर पुढचं बोलू.

माझी उंची कमी आहे. पाय पुरतील का?

सीटवर बसून दोन्ही चवडे भक्कम टेकले पाहिजेत, एका पायाची तरी टाच टेकली पाहिजे. स्प्लेंडर आणि शाईन १०० ची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटरच्या आसपास आहे, एचएफ डिलक्स आणि प्लॅटिनाची आठशेच्या थोडी वर. दोन सेंटिमीटरने काय होतं असं वाटेल, पण पाच फुटांच्या पोरीला त्या दोन सेंटिमीटरांतच टाच टेकते की लोंबते ते ठरतं. बसून बघितल्याशिवाय घेऊ नका. सीटचा फोम थोडा कापून उंची कमी करून मिळते, कुशनवाले ते काम नेहमी करतात.

मित्रांकडे पल्सर, बुलेट आहेत. शंभर सीसीवर हसतील.

हसू देत. पल्सर १५० दीडशे किलोच्या जवळ जाते, बुलेट १९० च्या पुढे. गाड्या वाईट नाहीत, पण क्लच आणि ॲक्सिलरेटरचा मेळ अजून बसला नसेल तेव्हा जोरकस इंजिन चूक मोठी करतं. शंभर सीसीवर क्लच झटकन सुटला तर गाडी हिसका देऊन बंद पडते. मोठ्या इंजिनावर तीच चूक समोरच्या भिंतीपर्यंत नेते. वर्षभर शंभर सीसी चालवा, मग विका. स्प्लेंडरला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

नवी घेऊ की जुनी?

घरात दुसरं कोणी ती गाडी वापरणार असेल, पुढची दहा वर्षं ठेवायची असेल, तर नवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याने शंभर सीसीच्या गाडीत बऱ्यापैकी फरक पडला आहे. निव्वळ शिकण्यासाठी असेल तर जुनी. चार-सहा वर्षांची, एका हाताची. पण सगळे पैसे गाडीत घालू नका. समजा हाताशी ४० हजार आहेत, तर गाडी ३२-३३ पर्यंतचीच बघा. उरलेल्यात हेल्मेट, दोन टायर, चेनसेट, ब्रेक लायनर, विमा. जुन्या गाडीला हा खर्च घ्यावाच लागतो, आणि तो आधी बाजूला काढला नाही तर पोरगं गुळगुळीत टायरवर पावसाळा काढतं.

जुनी गाडी तपासायची कशी?

सकाळी जा आणि न सांगता जा. गाडी थंड असताना चालू करून बघायची. हा धडा मला पैसे मोजून मिळाला. माझी स्वतःची पहिली गाडी मी संध्याकाळी बघायला गेलो. एका किकमध्ये चालू झाली, आवाज मऊ, मी खूश. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं आणि आत घट्ट ऑइल भरलेलं होतं, हे कळायचं माझं वय नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वीस-पंचवीस किका मारल्या तेव्हा ती उठली, आणि महिन्याभरात बोअर-पिस्टनचं काम निघालं. आईने साठवलेले पैसे होते ते. तेव्हापासून कुठलीही जुनी गाडी बघताना मी आधी हाताची मागची बाजू इंजिनजवळ नेतो. ऊब लागली तर तासाभराने परत येतो म्हणून सांगतो.

चालू झाल्यावर धूर बघा. थंडीत थोडी वाफ दिसते, ती लगेच जाते. निळसर धूर राहिला तर इंजिन ऑइल खातंय. ॲक्सिलरेटर पिळताना धूर आला तर संशय पिस्टन रिंगांवर, पिळून सोडल्यावर फुस्सकन आला तर व्हॉल्व्ह सीलवर. दुसरं काम स्वस्त, पहिलं महाग.

मग खाली बसा. मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढा. चेन उचलून खालचा दात अर्धा दिसला तर चेनसेट संपला. दात बाणासारखे टोकदार झाले असतील तरी तेच. पुढचं चाक अधांतरी करून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. चाक धरून आडवं हलवा, खुळखुळ नको. शेवटी दहा पावलं मागे जाऊन दोन्ही टायर एका रेषेत आहेत का बघा. अपघातात वाकलेली चेसिस रंगाने झाकता येते, रेष झाकता येत नाही.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी इतक्या जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर ते धरत नाही.

पुरात बुडालेली गाडी ओळखता येते का?

येते, आणि आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा कृष्णा-वारणाकाठच्या किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलं. २०१९ नंतर माझ्याकडे एक गाडी आली होती, वरून नवीकोरी चकचकीत. मीटरची काच तिरक्या उजेडात बघितली तर आतून गाळाची बारीक रेघ होती, घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची उरते तशी.

धुतलेली गाडी बाहेरून काहीच सांगत नाही. सीट काढा, बाजूची पॅनेल काढा, एअर फिल्टरच्या डब्यात बोट फिरवा. पिठासारखा मऊ गाळ लागला की समजा. वायरिंगचे कपलर सोडून आतल्या पितळेवर हिरवा थर आहे का बघा. हेडलाईटच्या वाटीत, स्पोकच्या निपलवर गंज बघा. पुरात सापडलेल्या माणसाने गाडी विकणं यात काही गैर नाही, त्याचंही नुकसानच झालंय. त्याने ते सांगावं आणि तुम्ही त्या भावाने घ्यावी, इतकंच. पण शिकणाऱ्यासाठी मी तशी गाडी घेऊ देत नाही. वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि रात्रीच्या रस्त्यावर दिवा गेला तर नवशिक्या पोराने काय करायचं?

कागदपत्रांत काय बघायचं?

आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे आपण ज्याला टीटी फॉर्म म्हणतो ते. थकीत ई-चलन नंबर टाकून बघा, नाहीतर आधीच्या मालकाचे दंड तुमच्या गळ्यात. विमा, पीयूसी चालू हवेत आणि हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली हवी. एमएच-१० सांगलीची, एमएच-११ साताऱ्याची, एमएच-५० कराडची, गाडी कुठली आहे ते त्यावरून कळेल. १५ वर्षं पूर्ण व्हायला आलेली गाडी स्वस्त दिसते, पण पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर धरून हिशोब करा. ‘नावावर नंतर करू’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

मला ॲक्टिव्हा येते. गिअरची दोन दिवसांत येईल ना?

तोल येईल, पण एक सवय मोडायला वेळ लागेल, आणि ती घातक आहे. स्कूटरवर डाव्या हाताचा दांडा म्हणजे मागचा ब्रेक. गिअरच्या गाडीवर त्याच जागी क्लच असतो. कुत्रं आडवं आलं की स्कूटरवाल्याचा डावा हात आपोआप आवळतो, क्लच दाबला जातो, इंजिनचा चाकाशी संबंध सुटतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी पळते. म्हणून स्कूटरवरून आलेल्या प्रत्येकाकडून मी पहिले दोन दिवस एकच गोष्ट करून घेतो. सावकाश जायचं, मी ओरडलो की उजवा पाय आणि उजवा हात, म्हणजे मागचा आणि पुढचा ब्रेक. शंभर वेळा. कंटाळा आला तरी.

हाफ क्लच जमतच नाही. गाडी हिसके देऊन बंद पडते.

माझ्या पुतणीलाही जमत नव्हतं. शाळेच्या मैदानावर सकाळी सहाला आलो होतो, तिच्या हाताला घाम, आणि सहाव्यांदा गाडी बंद पडल्यावर डोळ्यांत पाणी. मी तिला म्हटलं, उजवा हात वापरायचाच नाही. ॲक्सिलरेटर विसर. गाडी चालू, पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, दोन्ही पाय जमिनीवर. आता डाव्या हाताची बोटं तांदळाएवढी सोड. कान इंजिनाकडे ठेव. आवाज किंचित जड होतो, हँडल हलकंसं थरथरतं, सीट मागून कोणी बोटाने ढकलल्यासारखी वाटते. तिथे थांब. तिथेच हात धर.

गाडी आपोआप चालायला लागली, तिचे पाय जमिनीवर घासत होते आणि ती हसत होती. सपाट जागेवर शंभर सीसीचं इंजिन नुसत्या आयडलवर माणसाला ओढून नेतं. ती जागा, जिथे आवाज बदलतो, ती हाताला पाठ होईपर्यंत अर्धा तास फक्त एवढंच करा. त्यानंतर ॲक्सिलरेटर शिकायला दहा मिनिटं पुरतात. क्लचच्या दांड्याला साधारण एक-दीड सेंटिमीटर ढील ठेवा. वायर फार ताणलेली किंवा फार ढिली असेल तर ती जागा सापडणार नाही, आणि पोरगं स्वतःला दोष देत बसेल.

गिअर वर की खाली?

गाडीप्रमाणे बदलतं. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे चवड्याने खाली दाबून पडतात, टाचेने कमी होतात. पल्सरसारख्या गाड्यांत पहिला खाली, बाकीचे वर. म्हणून एकाच गाडीवर शिका. आज मामाची, उद्या मित्राची असं करू नका.

पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, खरं का?

हे आपल्याकडे पोराला पहिल्याच दिवशी सांगतात, आणि त्यामुळे ते आयुष्यभर अर्ध्या ब्रेकवर गाडी चालवतं. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाचा ब्रेक लवकर घसरतो. थांबवण्याची खरी ताकद पुढे आहे. दोन्ही ब्रेक एकत्र लावा, पुढचा झटक्याने न ओढता ओला कपडा पिळावा तसा वाढवत न्या. हँडल सरळ असतानाच. वळणात, वाळूत, चिखलात पुढचा जपून, वेग आधीच कमी करा.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक असतो, मागचं पेडल दाबलं की पुढचाही थोडा लागतो. जुनी घेताना २०१९ नंतरची मिळाली तर बरी, त्याचं हे एक कारण. तरी उजवा हात वापरायची सवय लावाच.

उसाच्या हंगामात काय काळजी घ्यायची?

दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत आपले रस्ते वेगळे असतात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने झाकलेला. टेपचा आवाज इतका मोठा की तुमचा हॉर्न चालकाला ऐकू जात नाही. रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर आला की त्या दोन सेकंदांत उभी ट्रॉली दिसत नाही. माझ्या गॅरेजमध्ये अशा गाड्या टेम्पोतून आल्या आहेत. त्यांच्याबरोबर आलेल्या बापांची तोंडं मी विसरलेलो नाही.

पहिल्या हंगामात अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, हा घरचा नियम करा. दिवसा ओव्हरटेक करताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरा. मागची ट्रॉली डुलते, उसाचं टोक खांद्याला लागतं. रस्त्यावर पडलेल्या पाचटावर आणि चिरडलेल्या उसावर ब्रेक मारू नका, ते साबणासारखं असतं. शेतातून ट्रॅक्टर बाहेर आला की त्याच्या चाकांची काळी माती वीस-तीस फूट डांबरावर पडते, पाऊस झाला तर त्यावरून स्प्लेंडरच काय, पायीही नीट चालता येत नाही.

मुलींनी गिअरची शिकावी का?

हो. दूध घालायला, भावाला दवाखान्यात न्यायला, घरात जी गाडी असते ती गिअरचीच असते.

हेल्मेट कसं घ्यावं?

आयएसआय शिक्का, तोंड झाकणारं. घालून डोकं हलवल्यावर गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हनुवटीचा पट्टा बांधलेला. रस्त्याकडेला टांगलेलं स्वस्त हेल्मेट दंडापासून वाचवेल, बाकी कशापासूनही नाही. मागे बसणाऱ्यालाही लागतंच, म्हणजे दोन घ्या.

महिन्याला खर्च किती, ॲव्हरेज किती?

नीट ठेवलेली शंभर सीसी आपल्या रस्त्यांवर लिटरला ५५ ते ६५ देते. मी ऑइल ३००० किलोमीटरला बदलायला सांगतो, सुमारे लिटरभर लागतं. चेनला पंधरा दिवसांनी वंगण, ढील साधारण इंचभर. हवा किती भरायची तो आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाला जास्त.

सप्टेंबरमध्ये कास पठाराला मित्रांबरोबर जाऊ का?

लायसन्स पक्कं झालं असेल आणि हजारेक किलोमीटर हाताखालून गेले असतील तर जा, पण पेठ नाक्यावरून महामार्गाला लागून साताऱ्यापर्यंत जाणं हीच आधी मोठी परीक्षा आहे. ट्रकच्या मागून अंतर ठेवा, डावी बाजू धरा. साताऱ्यापुढे यवतेश्वरचा घाट लागतो, त्या दिवसांत धुकं आणि ओला रस्ता. चढताना गाडी दमली तर खालचा गिअर वेळेत टाका, इंजिन घरघरेपर्यंत थांबू नका. उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, ॲक्सिलरेटर सोडा, इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेकचे लायनर तापत नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी गाडी आणून दाखवा. ब्रेक, चेन, हवा मी बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही.